समाजमाध्यमे आणि फॅशन जनसंपर्क : कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने

फॅशनगृहांचा जनसंपर्क पूर्वी प्रसिद्धिपत्रके व नियतकालिकांचे संपादक यांच्यामार्फत चाले. काय सांगावे, हे फॅशनगृहच ठरवी. समाजमाध्यमांनी ही एकमार्गी व्यवस्था मोडली. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाने कोल्हापुरी घाटाची पादत्राणे केवळ ‘चामडी सँडल’ म्हणून सादर केली. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. परंतु ते प्रामुख्याने नावाचे रक्षण करते आणि नाव तर प्राडाने घेतलेच नव्हते! कायद्याची बाजू अशी लंगडी असताना समाजमाध्यमांवर रोष उसळला आणि काही दिवसांतच कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. ही कबुली मात्र व्यापाऱ्यांच्या संघटनेला लिहिलेल्या पत्रात होती, कारागिरांना उद्देशून नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला.