पुण्याची लिबरेटर गेली कुठे?

महायुद्ध संपताच ब्रिटिशांनी बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने कानपूरला मोडतोड करून टाकून दिली. हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्यांतली कामाची निवडली, जागच्या जागी उडण्याजोगी केली आणि थेट बेंगळुरूला उडवत नेली. पुरती दुरुस्त झालेली ही विमाने वायुसेनेने १९६८ पर्यंत वापरली. पुण्यात उभारलेली सहावी स्क्वाड्रन त्यांवरून सागरी टेहळणी करी. इतरत्र बहुतेक लिबरेटर तोवर भंगारात गेली होती. साहजिकच जगभरच्या शौकिनांची नजर भारताकडे वळली.

खरी गंमत पुढची. भारतातून ब्रिटनला गेलेले लिबरेटर रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात जमिनीवर उभे आहे. अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने आपल्याकडे आलेले मात्र १९८९ मध्ये पुन्हा आकाशात नेले. तिकडे विमानाच्या नाकाडावर नाव-चित्र हवेच. म्हणून आधी ‘ऑल अमेरिकन’, शेवटी ‘विचक्राफ्ट’. भारतीय सेवेतली वर्षे त्या रंगाखाली दडली, हे जरा खटकतेच. आपल्याकडे मान क्रमांकाला. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये भारतात आलेल्या डकोटा या जुन्या वाहतूक विमानाचे नाव ‘परशुराम’, पण अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहेच. तो १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवण्याच्या मोहिमेची आठवण म्हणून.

कॅनडाने तर सरळ अदलाबदल केली: एका लिबरेटरच्या बदल्यात एक लायसँडर विमान. दिल्लीला गेलात तर पालमच्या वायुसेना संग्रहालयात ते लायसँडर जरूर पाहा.