गरवायला जाऊया, पण पाणी ओळखून



भातकापणी आटोपली. आता नाताळच्या सुट्टीत मुंबईची मंडळी येतील आणि पोरांची भुणभुण सुरू होईल, "नदीवर गरवायला चला!" आम्ही दरवर्षी जातो. पण दोन वर्षांपूर्वी आमचा सात वर्षांचा भाचा शेवाळलेल्या दगडावरून घसरून कोंडीत पडला. जाऊबाईंनी केस धरून ओढला म्हणून वाचला. त्या वेळी आम्ही बायका चुलीकडे, पुरुष गरीकडे आणि मुलांकडे कोणीच नाही! तेव्हापासून आम्ही आधी पाण्याचा विचार करतो, मग माशांचा.

पहिली गोष्ट जागेची. देवबागला समुद्राला मिळणारी कर्ली नदी खालच्या अंगाला खाडीच असते, तिथे भरतीचं पाणी चढतं. गोड्या पाण्यातला मासा हवा तर कुडाळच्या वरच्या बाजूला जा, नाहीतर गड नदीवर कणकवलीच्या वर. थंडीत पाणी नितळ होतं, तळ दिसतो आणि तिथेच फसगत होते. पाणी दिसतं त्याहून खोल असतं. म्हणून बांबूने खोली मोजा, मगच मुलांची जागा ठरवा. धरणाखालच्या पात्रात बसू नका, सोडलेलं पाणी अचानक वाढतं. तलावावर गरी टाकण्याआधी गावात विचारा, कारण बऱ्याच तलावांची मासेमारी संस्थांकडे ठेक्याने असते. १५३० साली बांधलेला आपला धामापूरचा तलाव मुलांना जरूर दाखवा, पण तिथे भगवतीचं दर्शन घ्यावं, पाणी बघावं आणि परतावं.

दुसरी गोष्ट वेळेची. थंड पाण्यात मासा सुस्तावतो. त्यामुळे पहाटेच्या धुक्यात मुलांना काकडवण्यापेक्षा ऊन वर आल्यावर निघा. गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी पुरते. शिंगटी लागली तर फडक्याने धरा, तिचे काटे वाईट टोचतात. पिल्लं परत सोडा. कोणी सुरुंग किंवा ब्लिचिंग पावडर काढली तर सरळ अडवा. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला कायद्यानेच बंदी आहे. एका दिवसाच्या कालवणासाठी पिल्लांसकट सगळी कोंड मरते.

तिसरी गोष्ट गोचिडांची. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आढळला, पुढे सावंतवाडीकडेही पसरला. थंडी ते उन्हाळा हाच त्याचा हंगाम. रानातून जाताना अंगभर कपडे घाला, पालापाचोळ्यात बसू नका, घरी आल्यावर मुलांचं अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ घाला. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. सहलीनंतर ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेवटची गोष्ट कामाच्या वाटणीची. आम्ही पाळ्या लावतो. तासभर एक मोठं माणूस फक्त मुलांवर नजर ठेवतं. त्या वेळी हातात गरी नाही, मोबाइल नाही. पाळी पुरुषांनाही चुकत नाही. शेजारी लांब दोरीला बांधलेला, बूच घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन तयार असतो. कोणी बुडू लागलं तर तो फेकायचा, आपण उडी मारायची नाही.

आणि हो, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घरूनच न्या. माशांच्या भरवशावर रिकामी टोपं घेऊन गेलात, तर उपाशी परत याल! मासा मिळाला तर आनंदच, पण गेलेली सगळी माणसं हसत घरी आली, की आमच्या लेखी सहल पार पडली.