हवेचा जमाखर्च – ५ : कुणीच न सोडलेला वायू

मागच्या भागातल्या धूलिकणांचा हिशेब तुलनेने सोपा होता. धूर दिसतो, धुराडं दिसतं, मालकही सापडतो. जमिनीलगतच्या ओझोनचं तसं नाही. तो कुठल्याच नळकांड्यातून बाहेर पडत नाही, हवेतच तयार होतो.

1943 च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरलं, तेव्हा जपानने विषारी वायू सोडला की काय, असं लोकांना वाटलं. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर. कारखाना बंद ठेवला, तरी धुरकं येतच राहिलं. कोडं सोडवलं आरी हागेन-स्मिट या डच रसायनतज्ज्ञाने, आणि हा गृहस्थ तोवर अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता! गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोलची वाफ यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्याने 1950 च्या आसपास दाखवून दिलं. ओझोन मोजायची त्याची एक रीत मोठी झकास होती. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला भेगा पडायला किती वेळ लागतो ते पाहायचं. शहरातल्या गाड्यांचे टायर तर आपसूकच तडकत होते.

श्वासनलिकेच्या अस्तरालाही हा वायू सोडत नाही. छाती भरून येते, खोकला लागतो, दमेकऱ्याला पंप काढावा लागतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांची अनेक वर्षं पाहणी झाली. तिचे 2002 मध्ये आलेले निष्कर्ष पालकांची झोप उडवणारे आहेत : जास्त ओझोनच्या वस्त्यांत तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा जडण्याचा धोका न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होता. धावणारं मूल जास्त हवा ओढतं, एवढं साधं कारण.

दवाखान्याचं बिल निदान हातात तरी पडतं. शेतमजुराची बुडालेली मजुरी कुठल्या बिलात लिहायची? कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या शेतावर द्राक्षं नि ब्लूबेरी तोडणाऱ्यांना तोडलेल्या मालावर पैसे मिळत. त्यांच्या रोजच्या नोंदी ओझोनच्या आकड्यांशी ताडून अर्थतज्ज्ञ ग्राफ झिविन आणि नायडेल यांनी 2012 मध्ये मांडलं, की ओझोन अब्जांशी 10 भागांनी उतरला तर काम 5.5 टक्क्यांनी वाढतं. यातला कुणी रुग्णालयात गेला असेल-नसेल. फक्त हात मंदावले.

उपायही सरळ नाहीत. ताजा धूर आसपासचा ओझोन खाऊन टाकतो, त्यामुळे गजबजलेल्या चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेला दूर असलेल्या गावात तो जास्त सापडतो. शनिवार-रविवारी ट्रक कमी धावूनही लॉस एंजेलिसच्या परिसरात ओझोन चढल्याच्या नोंदी आहेत. नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाची वाफ, दोन्हींना एकदम चाप लावल्याशिवाय भागत नाही.

पानांच्या रंध्रांतून हाच ओझोन पिकात शिरतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी 2005 सालचा हिशेब काढला, तेव्हा देशात ओझोनपायी गहू सुमारे 35 लाख टन आणि तांदूळ 21 लाख टन बुडाल्याचा अंदाज निघाला. उतारा घटला की शेतकरी पावसाला, बियाण्याला, फार तर खताला बोल लावतो. शहरातल्या गाड्यांचं नाव त्याच्या तोंडी येत नाही, आणि पीकविम्याच्या अर्जात तसा रकाना नाही.