दम कुणाला लागतो?

"आबा, सरड्याला दम लागतो का हो?" कुशिऱ्याच्या बाजूनं जोतिबाचा डोंगर चढताना धापा टाकत विचारलंस खरं, पण प्रश्न लाखाचा आहे बरं का पोरी! टेक जरा दगडाला, सांगतो.

तुझ्या छातीखाली श्वासपटल म्हणून स्नायूंचा एक पडदा आहे. तो खाली सरकला की छाती फुगते आणि हवा आत येते. पाय चालोत, हात चालोत, त्याचं काम वेगळंच सुरू असतं. म्हणून तर चैत्र पौर्णिमेला गडी सासनकाठी नाचवतात आणि त्याच दमात 'चांगभलं'ही गर्जतात.

सरड्याला हा पडदाच नाही. बरगड्यांच्या ज्या स्नायूंनी श्वास घ्यायचा, तेच पळताना अंग डावी-उजवीकडं वळवण्यात गुंततात. मग काय, सुर्रकन पळायचं, थबकायचं, श्वास घ्यायचा. घोरपडीनं यावर तोड काढली. ती चालता चालता गळा फुगवते आणि हवा फुफ्फुसात ढकलते. आणि देवाचं वाहन घोडा? तो चौखूर उधळला की झेपेगणिक एक श्वास, ताल चुकत नाही.

वर ती घार बघ. तिच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळं फुफ्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. आपल्यात ताजी आणि शिळी हवा एकाच वाटेनं ये-जा करते, थोडी शिळी आतच उरते. पक्ष्यांच्या या सोयीच्या जोरावर पट्टकादंब हंस विरळ हवेतून हिमालय ओलांडून थेट उजनी धरणाच्या पाण्यावर उतरतात.

नाकतोड्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना 10-10 छिद्रं असतात. ठिबकच्या नळ्या जशा उसाच्या बुडापर्यंत पाणी नेतात, तशा आतल्या बारीक नळ्या हवा थेट पेशींपाशी पोचवतात. प्राणवायू वाहायचं काम रक्ताकडं नाहीच, म्हणून ते लालही नसतं.

पण नळी लांबली की हवा पोचायला उशीर! सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू जास्त होता, तेव्हा चतुरासारख्या कीटकांचे पंख 2 फुटांहून जास्त पसरायचे. त्या जादा प्राणवायूमुळंच ते एवढे वाढले असावेत, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. आज मात्र घोड्याएवढा नाकतोडा निघाला, तर जोतिबा राहू दे, कुशिऱ्यातच त्याचा जीव घाबरा व्हायचा!