न दुखणारी गाठ

आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. कांद्याच्या लिलावादिवशी इथल्या दवाखान्यांतही गर्दी होते. बाप मार्केटात पिशव्या उतरवतो, तेवढ्यात आई लेकीला डॉक्टरांकडे आणते. अशाच एका दुपारी मी डॉक्टरांच्या शेजारी स्टुलावर बसले होते. विशीतली मुलगी आईबरोबर आत आली. ऐन उन्हाळ्यात मानेला ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"काय त्रास नाही तिला डॉक्टर, नुसती गाठ हाये. दिवाळीपासनं."

डॉक्टर मुलीच्या पाठीमागे उभे राहिले. बोटांची टोकं जबड्याखालून, कानामागून हळूहळू खांद्याकडे उतरत गेली. उजवीकडे तीन गाठी, एकमेकींना अशा चिकटलेल्या की बोटाखाली वेगळ्या सरकेनात. वरची कातडी लाल नाही, गरमही नाही. शेजारी बिब्बा लावल्याचा काळा डाग.

पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं. दाढ किडली की जबड्याखाली गाठ येते. त्या ठणकतात आणि मूळ दुखणं गेलं की बहुधा जिरतात. टीबीची गाठ बहुतेकदा ठणकत नाही, आणि फसगत होते ती इथंच. जुनी माणसं हिला गंडमाळ म्हणत. खोकला नसतो, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं हेही अनेकांना नसतं. मग 'टीबी' म्हटलं की घरच्यांना पटत नाही.

डॉक्टरांनी गाठ दोन बोटांत धरली आणि बारीक सुई आत घातली. दट्ट्या मागे ओढून सुई तीन-चार वेळा पुढेमागे केली. मुलीनं डोळे मिटले, पण हूं की चूं केलं नाही. सिरिंजमध्ये आलं ते पांढरट, घट्टसर, चक्क्याची आठवण करून देणारं. त्यातला थेंब काचपट्टीवर पसरला, उरलेलं बाटलीत, सीबीनॅट या तपासणीसाठी. त्यात टीबीचा जंतूही कळतो आणि रिफाम्पिसिन हे औषध त्याला लागू पडेल का, तेही. पण गाठीत जंतू थोडेच असतात, ही तपासणी कधी चुकते. म्हणून काचपट्टीही हवीच. तिच्यावर कॅन्सरचीही शंका तपासता येते.

त्याच दिवशी आलेल्या एका गृहस्थांची गाठ दुसऱ्या दवाखान्यात गळू समजून चिरली होती. कित्येक महिने ती जखम वाहतच होती. त्यांच्या सदऱ्याची डागाळलेली कॉलर पाहून मला राग आला. एका सुईनं हे टळलं असतं.

चार दिवसांनी मुलीचा रिपोर्ट आला: टीबीच. रोजच्या गोळ्या, 6 महिने, सरकारी केंद्रात मोफत. नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयेही मिळतात. लघवी केशरी होईल, घाबरू नका, डॉक्टर म्हणाले. मध्येच गाठ फुगली तरी गोळ्या सोडू नका, दाखवायला या. औषध लागू पडत असतानाही असं होतं.

आई दारापाशी थांबली. "ताटवाटी येगळी करू का? लग्न जमवायचंय हिचं."

"अजिबात नको. छातीचा फोटो स्वच्छ आहे. नुसत्या गाठीतला टीबी खोकल्यातून पसरत नाही."

मानेत, काखेत आलेली गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर दुखत नसली तरी दाखवा. आणि कुणी लगेच चिरायला निघालं, तर आधी सुईची तपासणी मागा.