दाबोळी ते ओझर: विमानखरेदीच्या सात खमंग गोष्टी

आंबोलीचा घाट उतरा, सावंतवाडी-बांदा ओलांडून गोव्यात शिरा. पुढे दाबोळीला नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ लागतो. परदेशी विमानं घ्यायचा निर्णय दिल्लीत होतो, पण कस लागतो तो आपल्या या मुलखात. वाचा तर!

१. आधी उडी, मग सौदा. आपल्या विमानवाहू नौकांवर विमान चढत्या टोकावरून झेपावतं. तसाच उतार ‘हंसा’वर जमिनीवर बांधलाय. २०२२ मध्ये फ्रान्सचं राफेल मरीन आणि अमेरिकेचं सुपर हॉर्नेट, दोघांनीही तिथे परीक्षा दिली. २८ एप्रिल २०२५ रोजी २६ राफेल मरीनचा करार झाला. किंमत सुमारे ६३ हजार कोटी!

२. तारकर्लीवर गडगडाट. ४ डिसेंबर २०२३. नौदल दिनाला मालवणकरांनी मिग-२९के डोक्यावरून जाताना पाहिलं. रशियाकडून अशी ४५ विमानं घेतली होती.

३. एक खरेदी, ३३ वर्षं. ब्रिटनची पहिली सी हॅरिअर दाबोळीला उतरली १९८३ साली, निवृत्त झाली मे २०१६ मध्ये. म्हणजे निर्णय घेणाऱ्या मंत्र्यांच्या नातवंडांनाही तो पुरला!

४. प्रवासी विमानाचा भाऊ. पाणबुड्या हुडकणारं पी-८आय हे बोइंग ७३७ वरच बेतलेलं. अमेरिकेबाहेर ते सर्वांत आधी भारताने घेतलं, २००९ साली. २०२२ पासून त्याचं दुसरं पथक ‘हंसा’वर आहे.

५. म्हापशाची सही. हवाई दलाच्या ३६ राफेलच्या करारावर २३ सप्टेंबर २०१६ रोजी भारतातर्फे सही झाली ती म्हापशाच्या मनोहर पर्रीकरांची, तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांची.

६. अमेरिकेचा नकार. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ विमानं आपल्यालाही द्या, असं सांगायला तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६४ मध्ये अमेरिकेला गेले. विमानं मिळाली नाहीत. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिग-२१ भारतात बांधायच्या कामाला बळ मिळालं. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला!

७. ओझरची मजल. मिगनंतर तिथे रशियन परवान्यावर सुखोई-३०एमकेआय बांधली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. इंजिन मात्र अजून अमेरिकेच्या जीई कंपनीचं.

या सातव्या गोष्टीतच पुढचं काम दडलंय. विमान विकत घेता येतं, पण त्याचे सुटे भाग, दुरुस्ती आणि इंजिन विकणाऱ्याच्या मर्जीवर राहिलं, तर ऐन युद्धात हात बांधले जातात. म्हणून प्रत्येक करारात किमतीइतकाच हाही सवाल ठणकावून विचारायला हवा: यातून आपल्या कारखान्यातली पोरं नेमकं काय बनवायला शिकणार?