पट्टा बांधला, तरी गोचीड कशी?

पावसाळा लागला की जनावरांच्या डॉक्टरांकडे एक तक्रार हमखास येते: "एवढा महागाचा पट्टा बांधला, तरी गोचीड सापडलीच!" पट्टा म्हणजे कुत्र्याभोवतीचं कुंपण, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखं औषध पट्ट्याच्या प्लास्टिकमध्येच मिसळलेलं असतं. ते हळूहळू पाझरतं आणि कातडीवरच्या तेलकट थरातून, केसांतून शेपटीपर्यंत पसरतं. गोचीड अंगावर चढू शकते. पण औषधाचा स्पर्श झाला की ती गळून पडते किंवा मरते. आधीच चिकटलेल्या गोचिडींना मरायला दोन दिवसही लागतात. मेलेली गोचीडही कधीकधी तशीच चिकटून राहते, ती चिमट्याने काढावी लागते.

'वासानेच पिसवा पळतात' हा समज अगदीच निराधार नाही. जुन्या डायक्लोरव्हॉसच्या पट्ट्यांतून खरोखरच वाफ निघे. आजच्या बऱ्याचशा पट्ट्यांचं काम मात्र स्पर्शावर चालतं. त्यामुळे पट्टा माळेसारखा सैल लोंबत ठेवला की पैसे वाया गेले. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत, एवढाच सैल हवा. उरलेलं टोक कापून टाकायचं. नाहीतर घरातलं दुसरं पिल्लू ते चघळत बसतं.

खरी गोम घरात असते. आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड घरात आरामात राहते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. पुढे अळी, मधली अवस्था आणि प्रौढ अशा तिन्ही टप्प्यांत गोचीड रक्त पिण्यापुरती कुत्र्यावर चढते, बाकीचा काळ फटीत काढते. पिसवांचंही तेच. अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या आणि कोष सतरंजीत, सोफ्याखाली. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुणं, फटी बुजवणं आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करणं, हे पट्ट्याइतकंच महत्त्वाचं.

सगळे प्राणी म्हटलं की मांजरही आलं, पण कुत्र्याचा पट्टा मांजराला चालेलच असं नाही. कुत्र्यांच्या काही उत्पादनांत असलेलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकतं. तिथे काटकसर नको.

मग हे पट्टे विषारी असतात का? अमेरिकेत २०२१ मध्ये सेरेस्टो या पट्ट्यावरून मोठा गदारोळ झाला. पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सुमारे ७५ हजार तक्रारी आल्या होत्या, त्यांत जवळपास १,७०० प्राण्यांच्या मृत्यूंची नोंद होती. आकडा भयंकर वाटतो. पण तक्रार म्हणजे पुरावा नव्हे, आणि असे पट्टे कोट्यवधी विकले गेले होते. २०२३ मध्ये संस्थेने छाननी पूर्ण करून विक्री चालू ठेवली, मात्र अटी घालून. ज्या थोड्या मृत्यूंचा पट्ट्याशी बहुधा किंवा नक्कीच संबंध असल्याचं दिसलं, त्यांत बरेचसे औषधामुळे नव्हे, तर पट्टा अडकल्यावर सुटला नाही म्हणून गळा आवळून किंवा इजा होऊन झाले होते.

उलट प्रोपोक्सर या औषधाबाबत तिथे २०१४ मध्ये वेगळा निर्णय झाला. कुत्र्याला बिलगणारी, मग तेच हात तोंडात घालणारी लहान मुलं लक्षात घेऊन ते असलेले पट्टे बाजारातून काढण्याचं ठरलं. भारतात विकल्या जाणाऱ्या किल्टिक्समध्ये फ्लुमेथ्रिनबरोबर प्रोपोक्सरही असतं. घरात रांगणारं मूल असेल, तर दुकानात पाकिटावरचं औषधाचं नाव वाचणं आणि डॉक्टरांना विचारणं शहाणपणाचं.

सेरेस्टोच्या पाकिटावरच्या 'आठ महिने' या शब्दांवरही डोळे झाकून विसंबू नये. त्याच्याच सूचनेनुसार कुत्रा महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा आंघोळ करत किंवा पोहत असेल, तर पिसवांपासूनचं संरक्षण पाच महिन्यांवर येतं. आपल्याकडे तर दर रविवारी शाम्पू असतो.